तेलातल्या दोन गाठी

नगरच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं काम करते. माणसाच्या अंगातून काढलेला गाठीचा तुकडा माझ्याकडे येतो. मी तो मेणात बसवते, पापुद्र्यासारखा पातळ कापते आणि काचेवर घालून डॉक्टरांना देते. मेणात जाण्याआधी तुकडा झायलीन नावाच्या उग्र रसायनात बुडवावा लागायचा. त्या झायलीननं माझं डोकं ठणकायचं, वास तर येईनासाच झाला होता. घरात दूध करपलं तरी मला पत्ता नसायचा. म्हणून यंदा डॉक्टरांनी झायलीन बंद करून कोमट खोबरेल तेल सुरू केलं, तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

पण झायलीन आपोआप उडून जातं, तेल उडत नाही. मेणात तेल नको म्हणून मी तुकड्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्या फडक्यानं पुसल्या. चांगल्या घासून पुसल्या. मग पाहिलं, तर दोन डब्यांवरचे पेन्सिलीचे नंबरही पुसले गेले होते.

दोन्ही तुकडे स्तनातल्या गाठींचे. एक पाथर्डीकडच्या ऊसतोड करणाऱ्या म्हाताऱ्या झुंबरबाईंचा, दुसरा पारनेरच्या सुरेखाचा. ती सव्वीस वर्षांची. वॉर्डातून तुकडे मीच आणले होते, दोघींना पाहिलेलं. नवी पद्धत, पहिलाच आठवडा. चूक सांगितली असती तर अंगाशी आलं असतं. मी चिमट्यानं चाचपलं. कडक तो म्हातारीचा, मऊ तो पोरीचा, असं ठरवून नंबर घातले. कडक तुकड्यात कॅन्सर निघाला आणि रिपोर्ट वॉर्डात गेले.

दोन दिवसांनी रविवार होता. दुपारी तीनला मी एकटीच मेण वितळवत बसले होते. एकाएकी ताज्या तोडलेल्या उसाचा वास आला. इतक्या वर्षांनी मला वास आला! आनंद व्हायला हवा होता, पण मी आधी दाराकडे पाहिलं.

दारात झुंबरबाई उभ्या होत्या. दवाखान्याचा हिरवा गाऊन, पाय अनवाणी.

"आजी, वॉर्डातून कशाला उठलात?"

"लेकी... ती गाठ माझी न्हाई."

"कोणती गाठ?"

"तुला ठाऊक हाय..."

मी मान खाली घातली. समोर मेणाच्या भांड्यावर साय धरत होती. हीटर चालू, काटा साठवर, आणि मेण कडेपासून गोठत पांढरं होत चाललं होतं. भांड्याला हात लावला, तर चटका बसला. वर पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

मी वॉर्डात फोन लावला. पंकजा सिस्टरनं उचलला.

"झुंबरबाई? अगं, त्या काल पहाटेच गेल्या. हार्ट. टोळीतली माणसं गावी घेऊन गेली त्यांना."

"आणि... सुरेखा?"

"तिला मघाशीच घरी सोडलं. रिपोर्ट चांगला आला ना. किती रडली आनंदानं!"

खोटं कशाला सांगू? म्हातारी गेली, आता कोण विचारणार, हाच विचार आधी आला. मी फोन खाली ठेवला. तो वास हळूहळू जवळ आला, अगदी मानेपाशी. मग मी सुरेखाच्या फॉर्मवरचा फोन नंबर लावला. लाजेनं लावला की भीतीनं, ते मला अजून ठरवता येत नाही.

"सुरेखा, गाडीत बसू नकोस. तुझा रिपोर्ट चुकलाय. माझ्या हातून..."

"बसू कुठं देतीया, ताई?" तिचा आवाज कापत होता. "पारनेरच्या दोन गाड्या गेल्या. एक आजी हाय हितं स्टँडवर, माझं मनगट धरून. सोडंना. बोलतबी न्हाई..."

"आजूबाजूला कुणाला हाक मार."

"मारली, ताई. लोकं नुसती माझ्याकडंच बघत्यात... त्यास्नी ती दिसंना."

सुरेखा परत आली. पुन्हा तपासलं, कॅन्सर तिचाच होता. मी डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी नोकरी ठेवली, माझ्याशी बोलणं मात्र टाकलं. ऑपरेशन वेळेत झालं म्हणून पोरगी वाचली.

परवा ती तपासणीला आली होती. केस पुन्हा उगवलेत, गाल भरलेत. बरं वाटलं मला. मग तिनं बाही वर सारली. मनगटावर चार बोटांचे वळ होते, आत्ताच उठल्यासारखे.

"आजीनं अजून हात सोडला न्हाई, ताई," ती हळूच म्हणाली. "चार दिस झालं, वढाया लागलीया... तुमच्याकडं."

बोलता बोलता तिचा हात उचलला गेला. ती दुसऱ्या हातानं तो मागे ओढत होती, तरी तो पुढे आला आणि माझ्या डाव्या काखेखाली एका जागी बोटं टेकवून थांबला.

त्या जागी मी स्वतः अजून हात लावून पाहिलेला नाही.