घरबसल्या बेलापूर

दसऱ्याच्या सकाळी नागावात श्यामलाच्या घरी दोन उद्योग एकदमच सुरू झाले. स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का फेटणं आणि ओटीवर लॅपटॉप. होमस्टेच्या सगळ्या खोल्या भरलेल्या, त्यामुळे अजेयला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी येताजाता तो बायकोला विचारतच होता, "लागलं का बेलापूर?"

श्यामला बेलापूरला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. आठवडाभर तिथल्या हॉस्टेलवर, रविवारी घरी. लहानगी प्राप्ती बापाने घातलेली वेडीवाकडी वेणी मिरवत शाळेत जायची आणि रविवारी घरी आल्यावर श्यामला आधी ती वेणी सोडून नीट घालायची. महिनाभर मागे लागल्यावर साहेब एकदाचे राजी झाले होते. दसऱ्याला ऑफिस बंद. घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालव, काशीदच्या बंगल्याचा नकाशा आजच्या आज पुरा करून दाखव आणि मग खुशाल घरी राहा. जमलं नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

काल तिने ऑफिसात सगळी जोडणी केली होती आणि कॉम्प्युटर चालू ठेवून दुपारीच गाव गाठलं होतं. आता पासवर्ड टाकला, पडद्यावर एक गोल फिरला आणि तिचा ऑफिसचा कॉम्प्युटर समोर उघडला.

"लागलं!" ती अशी ओरडली, की माडांखाली चहा पीत बसलेले पाहुणे दचकले.

मशीन आज भलतंच चपळ होतं. एरवी नकाशा उघडेपर्यंत चहा पिऊन यावं लागे. जिन्याची एक पायरी तिच्या हातून आखूड निघाली, ती सुधारायला बाण नेईपर्यंत पायरी सरळ झालेली. नेट मागेपुढे होतंय, तिने मनाशी म्हटलं. मग तिने एक खिडकी काढली आणि बाकीच्या ओळीने आपसूक उमटत गेल्या, अगदी तिच्याच पद्धतीने, डाव्या कोपऱ्यापासून.

"अजेय, मशीन माझ्यापेक्षा हुशार झालंय!"

"मग पगारही त्यालाच देतील," आतून उत्तर आलं.

ती हसली. पण ऑफिसात कोणी येऊन बसलं असेल तर परीक्षा फसली. तिने शिपायाला फोन लावला. तो त्याच इमारतीत खाली राहायचा.

"येसाजीमामा, ऑफिसात कोणी आलंय का?"

"आज कोन येनार? कुलूप हाय."

"मग माझ्या मशीनवर कोण बसलंय?"

"मशीन जाग्यावर कुठं हाय? काल खंडेनवमी न्हाय का! वायरी काढून पाटावर मांडलंय. साहेब आपट्याची पानं ठेवतील, तवा उठवायचं."

दरवर्षी तीच त्या पाटाभोवती रांगोळी काढायची. यंदा घरी यायच्या घाईत साफ विसरली होती. तिने लॅपटॉपवरून हात उचलला.

पडद्यावर बंगल्याचं फाटक उमटत होतं.

"मामा, एकदा वर जाऊन बघता?"

चपला वाजल्या. किल्ली फिरली.

"हाय की पाटावर. झेंडूचा हार पन हाय. मेन स्विच पन बंद हाय."

फाटक पुरं झालं. श्यामलाला भर उन्हात भीती वाटली.

"आणि माझी जागा?"

"रिकामी. दम लागला, बसतो जरा." खुर्ची करकरली. लगेच तो उठल्याचा आवाज आला.

"काय झालं, मामा?"

"मॅडम, खुर्ची गरम हाय."

फोन बंद झाला.

नकाशा समोर होता, बिनचूक. अंगणात प्राप्ती पाहुण्यांच्या मुलांशी लंगडी खेळत होती. श्यामलाने तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि नकाशा पाठवून दिला.

साहेबांचा फोन लगेच आला. "झकास काम! सोमवारपासून घरूनच कर."

अजेय हातातल्या झाऱ्यासकट ओटीवर नाचला. प्राप्ती धावत आली, आईच्या गळ्यात पडली, तिने गालाला गाल लावला.

आणि चटकन मागे सरकली.

"आई," ती म्हणाली, "तू एवढी गार का लागतेस?"