पेटवण्याआधीची हाक

हे ऐकीव नाही. मी स्वतः तिथे उभी होते. म्हातारीला भ्रम झालाय असं माझा मुलगा म्हणतो. म्हणू दे.

ऑक्टोबर १९६३ची संध्याकाळ. ऑस्ट्रेलियातल्या मकाय शहराबाहेर आमचं उसाचं शेत. मी एकोणीस वर्षांची.

मकाय साखरेवर जगतं. तोडणीआधी उभा ऊस पेटवायचा, म्हणजे पाचट जळतं, साप पळतात. त्याची काळी राख शहरभर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते आणि कोणी ब्र काढत नाही.

आमच्या शेताच्या मधोमध आंब्याचं जुनं झाड होतं. बाबांच्या थोरल्या भावाने, साल्वूकाकाने, ते आदल्या वर्षी पाडायला काढलं. दोन सऱ्या ऊस जास्त बसावा म्हणून.

शेजारची एफी मावशी धावत आली. तिच्या आजोबांना पॅसिफिकमधल्या एका बेटावरून जहाजात कोंबून इथे ऊस तोडायला आणलं होतं.

"साल्वू, झाड राहू दे रे. खाली आमची माणसं पुरलीत. दुसरी खूण नाही त्यांची."

"मग उठव की त्यांना! तोडणीला माणसं कमीच पडतात."

कामगार खो खो हसले. बाबांनी मान खाली घातली.

"हळू बोल," मावशी म्हणाली. "ऐकतील ते."

झाड पडलं.

वर्षाने, ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी, ऊस पेटवायचा होता. बाबा माझ्या बाजूला होते, काका काडी घेऊन शेतापलीकडे. पेटवणाऱ्याने विचारायचं, "आत कोणी आहे का?" पलीकडून "कोणी नाही, पेटव!" आल्याशिवाय काडी ओढायची नाही. हा नियम काकानेही कधी मोडला नव्हता.

तेवढ्यात उसातून आवाज आला...

खच्च... खच्च...

कोयत्यांचा. एक नाही, पुष्कळ.

"आत्ता कोण मरायला तोडतंय?" बाबा वैतागले. "रीटा, इथेच थांब. हाकलून येतो."

ते आत शिरले. त्यांच्यामागे पानं मिटली.

आवाज थांबला...

पलीकडून काकाने बाबांना हाक दिली. "पावलू, आत कोणी आहे का?"

मी ओरडायला तोंड उघडलं...

तोच माझ्या मागून, अगदी कानाशी, बाबा बोलले.

"कोणी नाही, पेटव!"

केव्हा बाहेर आले? मी वळले.

मागे कोणीच नव्हतं.

पुढे मात्र आग लागली होती. वाळलं पाचट जळायला कितीसा वेळ लागतो! त्या घोंघाटात माझी किंकाळी मलाच ऐकू आली नाही.

बाबा सापडले ते आंब्याच्या जागी. कोळसा झालेले. त्यांच्याभोवती ऊस नीट तोडून, मोळ्या बांधून रचला होता.

हिरवागार. एका कांड्यालाही झळ लागली नव्हती.

मी घरी पोचले तेव्हा आई दोरीवरून बाबांचा शर्ट काढत होती. त्याच्यावरची राख झटकत म्हणाली, "यंदा फारच उडतेय मेली."

साल्वूकाका मरेपर्यंत परत कोणाशी बोलला नाही.

एवढी वर्षं झाली, मी विसरत आले होते. परवा अंगणातला पालापाचोळा पेटवायला काडी काढली...

"कोणी नाही, पेटव!"

तोच आवाज. कानाशी.

मी काडी फेकली आणि ढीग उपसायला लागले.

तळाशी माझी चार वर्षांची नात अंग चोरून बसली होती.

"लूसी, इथे कोणी लपवलं तुला?"

"त्या काकांनी," ती म्हणाली. "खूप जण होते, आजी. सगळ्यांकडे कोयते होते."