बावीचा वारा

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी विचारतात, अमावस्या होती का?

नव्हती. रात्रसुद्धा नव्हती. ही घटना गेल्या मार्चमधल्या एका रविवारची, भर दुपारची. उरणकडे, न्हावा शेव्याच्या बंदराच्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या आमच्या गावातली. ज्याच्यावर बेतली तो केतन माझा मावसभाऊ. त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणी कैऱ्या चोरल्या तरी चेहऱ्यावरूनच पकडला जायचा.

केतन लेथवाला. ट्रेलरचे लोखंडी भाग कातून देतो. भाड्याचा गाळा रस्ता रुंदीकरणात गेला, म्हणून त्याने उतारावरच्या नव्या घराखाली तळघर काढलं. मागून एक उतरता रस्ता आणि त्याच्या तोंडाशी शटर. आत-बाहेर करायला तेवढीच वाट. खिडकी एकही नाही.

त्या जागेत पूर्वी विहीर होती. आमच्याकडे तिला बाव म्हणतात. बाव बुजवताना मधोमध लोखंडी पाईप उभा सोडतात, तिला वारा मिळावा म्हणून. तो पाईप तळघराच्या लादीतून गुडघाभर वर आला होता.

नेमका लेथ बसवायची होती तिथेच.

"केतन, तो पाईप कापू नको र," मावशी म्हणाली. कृष्णाबाई, केतनची आई.

"आई, बाव बुजवून किती वर्षं झाली. खाली नुसती माती हाय."

"मातीखाली पानी हायच ना. तिचा वारा कोंडलास तर ती दुसऱ्या कोनाचा तरी घेल."

केतन हसला. ग्राइंडर लावून त्याने पाईप लादीलगत कापला.

क्रेनवाल्या सदाने लेथ उतारावर आणून ठेवली. टनापेक्षा जड धूड ते. खाली गोल नळ्या घालून, पहारीने रेटत सगळ्यांनी ते आत घेतलं. केतन ओरडायचा, "लाव जोर!" बाकीचे हैश्या करत रेटायचे. शेवटी पाईपच्या तोंडावर लोखंडी पत्रा टाकला आणि त्यावर लेथचा पुढचा पाय बसवला.

खालच्या आळीत सदाच्या भाचीची हळद होती. दुपारपासूनच स्पीकर कानठळ्या बसवत होते. माणसं जेवायला तिकडे गेली.

"लेवल बघून येतो," केतन म्हणाला.

तो एकटाच मागे राहिला. शर्ट काढून वर घरात टाकलेला, फोन त्याच शर्टाच्या खिशात.

त्याने लेथवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्ये.

केतन खूश झाला. घाम पुसला आणि पुन्हा पाहिलं.

बुडबुडा डावीकडे सरकला होता...

लेथ हलली असेल म्हणून तो वाकला. बुडबुडा हळूच मध्ये आला. मग पुन्हा डावीकडे. पुन्हा मध्ये.

एवढं जड लोखंड किंचित वर उचललं जात होतं आणि खाली बसत होतं.

झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

केतन मागे सरला.

तेवढ्यात... शटर धाडकन खाली आलं.

वाऱ्याने पडलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. खाली वाकून ते उचलायला गेला. हललं नाही. लाथ मारली, पहार घालून पाहिली. शटर भिंतीसारखं घट्ट.

"कल्पिता! आई!" त्याने बायकोला, आईला हाका मारल्या.

मग त्याच्या लक्षात आलं...

स्पीकर ऐकू येत नव्हते.

एक ठोका नाही. हळदीचा आवाज सगळ्या गावाला हादरवत असताना तळघरात मात्र चिटपाखरू नसल्यासारखी शांतता.

ट्यूबलाइट जळत होती. सगळं स्वच्छ दिसत होतं. तेच जास्त वाईट होतं, असं केतन आजही म्हणतो.

हवा जड झाली. त्याला दम लागायला लागला. तोंड उघडलं तरी छातीत अर्धाच श्वास जायचा. उरलेला अर्धा कुठे जातोय...

त्याची नजर पाणसळीकडे गेली. त्याने श्वास घेतला की बुडबुडा सरकत होता.

टक्.

पत्र्याखालून आवाज आला.

टक्... टक्.

केतन भ्याला, पण त्याला आईचे शब्द आठवले. त्याने पहार लेथच्या पायाखाली घातली आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावलं. लेथ तसूभर हलली नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली. आता आपण इथेच मरणार, हे त्याला स्पष्ट कळलं.

आणि नुसत्या सवयीने, समोर कोणी नसताना, त्याच्या तोंडून निघालं...

"लाव जोर."

कुणीतरी जोर लावला.

खालून.

लेथ हातभर बाजूला सरकली. पत्रा उडाला. पाईपमधून गार, ओल्या मातीच्या वासाचा झोत आला आणि केतनच्या छातीत भरला.

एकदम स्पीकर सुरू झाले. तो वळला. शटर उघडं होतं. तिथे कल्पिता उभी होती, पांढरीफटक.

"शटर कोणी पाडलं?" केतनने विचारलं.

"शटर उघडंच हाय कधीचं," ती म्हणाली. "मी केवढ्या हाका मारल्या. तुमी पाठ करून उभे. श्वासानं पाठसुद्धा हलत नव्हती तुमची."

मी मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. लेथ अजून तशीच वाकडी उभी आहे. पाईपचं तोंड मोकळं. मावशीने लेथच्या कडेला सुताचा दोरा बांधलाय, त्याचं टोक पाईपच्या तोंडाशी लोंबतं. दोरा आत जातो. बाहेर येतो. वाऱ्याने असेल, मी म्हटलं.

"बघ," केतन म्हणाला. आणि त्याने श्वास रोखून धरला.

दोरा थांबला.

केतनचा चेहरा लाल झाला. शेवटी त्याने श्वास सोडला. दोरा हलला.

"हे गाव सोड," मी म्हटलं.

"निघालो होतो. नागावला लग्न होतं. वाटेतच दम कोंडला. जितका लांब जायचो तितका श्वास कमी मिळायचा. परत फिरलो तेव्हा जीव आला."

मी दोऱ्याकडे बघत राहिलो. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"आणि हा दोरा तुझ्याआधी थांबला तर?"

शटरला खालून लावलेला लाकडी टेकू केतनने हाताने दाबून पाहिला. पक्का आहे ना, याची खात्री केली.

"चल वर," तो म्हणाला. "आईनं चहा ठेवलाय."

चहा पिताना माझं सगळं लक्ष त्याच्या छातीकडे होतं. अजूनही त्याचा फोन आला की मी लगेच बोलत नाही.

आधी त्याचा श्वास ऐकतो.