वाळ्याचा काठ

दर्यापूरच्या स्टँडवर काळीपिवळी भरली, की ड्रायव्हर आणखी चार माणसं कोंबतो. त्या दिवशी त्यानं माणसांसोबत गवताच्या जुड्याही कोंबल्या, आणि त्यातली एक थेट आचलच्या मांडीवर येऊन पडली. ओल्या मुळांचा गार, गोडसर वास तिच्या नव्या ओढणीला लागला.

"धरा जरा, मॅडम," मागून आवाज आला. "दोनच मिनिटं."

दोन मिनिटं कसली, चांगला पाऊण तास! उतरल्यावर त्या पोराला कळलं, की ज्या इंजिनीअर मॅडमसाठी आपण हा वाळा आणला, त्याच तो मांडीवर घेऊन आल्या. तो असा काही लाजला, की आचलला हसू आवरेना. सागर त्याचं नाव. गावात त्याची रोपवाटिका होती, आणि त्याच्या वडिलांचं, नत्थुजींचं, शेत नाल्याला लागून.

तो नाला दर पावसाळ्यात पुलाजवळचा काठ खायचा. रस्ता तुटला की गाव आठ-आठ दिवस अडकून पडायचं. सिमेंटची भिंत दोनदा बांधली, काळ्या मातीनं दोनदा तडकवली. अकोल्याच्या आचलनं वेगळाच घाट घातला होता... काठावर करंज आणि बांबू, मधे वाळ्याच्या दाट रांगा. वाळ्याची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात आणि माती घट्ट धरून ठेवतात. ऑफिसनं तिला दोन पावसाळे दिले होते. काठ टिकला तर आणखी बारा गावं तिच्या हाती. नाही टिकला तर पुन्हा भिंत, आणि तिचं काम बंद.

पहिला पावसाळा काठानं झेलला. प्रेमानं मात्र दोन पावसाळ्यांची वाट पाहिली नाही. हिवाळ्यात रोपांना पाणी घालता घालता सागर विचारून बसला, "काम संपलं तं... तुमी चालल्या जासान?"

"काठ टिकला तर राहीन."

"आन् नाई टिकला तं?"

ती उगाच एका रोपाच्या मुळाशी माती दाबत राहिली. "तरी... कोणी थांब म्हटलं, तर बघू."

"मी म्हनतो," तो हळूच म्हणाला. "थांब."

मॅडम गेली, तुमी गेलं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मे महिन्यात आचलचे आईवडील सागरचं घर पाहायला येणार, असं ठरलं. सागर दोन दिवस सेमाडोहकडे बांबूची रोपं आणायला गेला होता. इकडे नत्थुजींना राहवेना. उभ्या आयुष्यात या माणसानं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, गवताची काडी उभी राहू दिली नव्हती. धुऱ्यावर गवत म्हणजे शेतकरी आळशी, असा साधा हिशेब. त्यात येणाऱ्या सुनेची झाडं गवतात गुदमरताहेत! दोन मजूर लावून, स्वतः कुदळ घेऊन, त्यांनी काठावरचा सगळा वाळा कुंद्याचं तण खणावं तसा मुळासकट खणून काढला.

पाहुणे आले, तेव्हा ते आचलला कौतुकानं म्हणाले, "पाह्य पोरी, तुह्या झाडायले मोकया श्वास देल्ला."

आचलनं उघडा काठ पाहिला. मग म्हाताऱ्याचा घामेजलेला, खुललेला चेहरा पाहिला. तो वाळा होता, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

तिनं आणि सागरनं पुन्हा वाळा लावला. पोरं आणखी काही नवीन करताहेत, असं नत्थुजींना वाटलं. पण मुळांना वेळ कुठून आणायचा? जुलैतल्या पहिल्याच पुरानं काठ नेला, पुलाचा रस्ता नेला, आणि गाव पुन्हा अडकलं.

ऑफिसातल्या साहेबांनी आचलला स्पष्ट विचारलं. कुणी गवत उपटलं असेल तर नाव दे, गुन्हा दाखल करू. आचलनं अहवालात लिहिलं, या मातीत लागवड जगली नाही.

पाणी ओसरल्यावर ती सामान घ्यायला गावात आली. तुटलेल्या काठावर सागर उभा होता.

"मी सांगतो साहेबाले खरं."

"नको. या वयात त्यांना रस्ता तोडणारा म्हणून गाव ओळखेल."

"मंग... आपलं?"

तिला रडू आवरलं नाही. "सागर, मी खोटं लिहिलं. बारा गावांचा वाळा त्यात गेला. ते तुझ्या बाबांसाठी लिहिलं, एवढं तरी खरं राहू दे. तुझ्या घरी सून होऊन आले, तर ते माझ्याच संसारासाठी लिहिल्यासारखं होईल. रोज आरशात मलाच माझं तोंड बघवणार नाही."

त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही.

तेवढ्यात नत्थुजी तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन आले. तिचे डोळे पाहून त्यांचाही जीव कळवळला.

"नाराज नोको होऊ, माय," तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले. "तुही काई चूक नाई. गवतच खराब निंघालं."

आचल वाकून त्यांच्या पाया पडली.

"हो बाबा," ती म्हणाली. "गवतच खराब निघालं."