मागच्या सीटवर समर्थ

कंपनीची बस यायला अवकाश आहे, तोवर सांगतो. पण मधे फिदीफिदी हसायचं नाही पोरांनो. उद्धवराव आठ वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता. बीडकडचा माणूस, राहायला इथेच चाकणला. थापा मारणारा नाही.

मागच्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. दुसरी शिफ्ट संपली, पण उद्धवराव घरी गेला नाही. त्याला भस्म आणायचं होतं. कांदा मार्केटच्या पुढे, डोंगराकडच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक बाबा बसायचा. गुरुवारी रात्री बारानंतरच पुडी द्यायचा. कॅन्सर मुळासकट काढतो म्हणे! त्या भामट्याचं नाव निघालं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

भस्म हवं होतं विजयश्रीसाठी. उद्धवरावची सात वर्षांची पोरगी, रक्ताचा कॅन्सर. पिंपरीच्या एका दवाखान्यात मार्चपासून उपचार चालू होते, तेही सरकारी योजनेतून फुकट. म्हणजे पैशाचं निमित्तही नव्हतं. पहिल्या महिन्यातच रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "रक्तात दिसत नाही म्हणजे गेला असं नाही. तो दडून बसतो. दोन-अडीच वर्षं औषध पूर्ण करायचं. मधे सोडलंत तर परत येईल, आणि मग आमच्या हातात फार काही राहणार नाही."

उद्धवरावने मान डोलावली, दिवाळीपर्यंत कशीबशी कळ काढली आणि मग लागोपाठ औषधाच्या दोन तारखा बुडवल्या. पोरीचे केस गेले, उलट्या व्हायच्या, सुई बघितली की किंचाळायची. बापाला बघवेना, कबूल. पण आईला तरी कुठे बघवत होतं? शालनबाई फाईल घेऊन दारात उभी राहायची आणि हा तिच्यावरच डाफरायचा, "चांगली झाली ना पोरगी? मग कशाला विष घालायलीस?" बाबाचा पत्ता त्याला उन्हाळ्यातच मिळाला होता. दवाखान्यात शेजारच्या कॉटवर समर्थ नावाचा नऊ वर्षांचा पोरगा होता. त्याला घरी नेताना त्याचा बाप म्हणाला होता, "आमचा आता भस्मावरच खडखडीत राहणार बघा."

पावणेबारा वाजले. मार्केट मागे पडलं, ट्रक संपले. रस्त्याला एक दिवा नव्हता. बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी एक पोरगा उभा दिसला. डोक्यावर केस नाहीत. तोंडाला मास्क. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा. पायात काही नाही.

उद्धवरावने मोटरसायकल थांबवली. "आरं, समर्थ ना तू? इथं काय करायलास एकटाच? बाप कुठाय तुझा?"

पोरगा मागे येऊन बसला. गाडीला त्याचं वजनच जाणवलं नाही.

थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला, "काका, भस्म आणायला चाललात?"

"...व्हय."

"माझे बाबापण आणायचे. गोड असतं. उलटी होत नाही."

उद्धवरावने गिअर बदलला.

"मग खूप दुखलं, काका."

आवाज रडका नव्हता. चिडलेला होता. उद्धवरावच्या पाठीवरचा शर्ट मुठीत आवळला गेला.

"विजयश्रीचं औषध का बंद केलं?"

उद्धवरावने गाडी आणखी पळवली.

"का?"

...

"का?"

हा आवाज अगदी कानापाशी. गाडी आपोआप बंद पडली. समोर शंभर पावलांवर शेडचा दिवा होता. उद्धवराव मागे वळला...

सीटवर कोणी नव्हतं.

पुढे गेला नाही तो. गाडी ढकलत वळवली, दहा किका मारल्यावर ती सुरू झाली. घरी येऊन झोपलेली पोरगी तशीच उचलली, शालनबाईला मागे बसवलं. पहाटे तीनला वॉर्डात.

विजयश्रीचं औषध पुन्हा सुरू झालं, अजून चालू आहे. त्या दोन तारखांनी काय वाटोळं केलंय, ते कळायला अजून वर्ष जाईल म्हणतात. डॉक्टरही छातीठोक काही सांगत नाहीत. बापाने मात्र आयुष्यभर धास्ती घ्यायची. घ्यायलाच हवी!

पण त्या पहाटे... रात्रपाळीला वर्षाली सिस्टर होती. आधी तिने उद्धवरावला फैलावर घेतलं. "फोन करून करून आमची बोटं दुखली! पोरगी तुमची आहे की आमची?" त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच समर्थबद्दल विचारलं.

"समर्थ दिवाळीत गेला," ती म्हणाली. "परत आणला तेव्हा फार उशीर झाला होता. इथेच, ह्याच कॉटवर..."

तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या पाठीकडे गेलं. शर्ट मुठीत आवळला होता तिथेच पांढरी चिकटपट्टी लागली होती. पोरांच्या हाताला सलाईनची सुई हलू नये म्हणून लावतात ना, ती. सुई लावली की सिस्टर त्या पट्टीवर पेनने तारीख लिहिते. तिने पट्टी सोडवली, दिव्याखाली धरली.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली. "तारीख आजची आहे. बारा डिसेंबर."

मग खाली बसली.

"पण आज मी अजून कोणालाच सुई लावलेली नाही."