अंगठा माझा, बोटं तुझी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाहीये. पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या मामाबरोबर घडलंय, आणि शेवटचा भाग तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

अंधारी रात्र वगैरे काही नव्हती. रविवार होता. दुपारचे चार वाजले होते. खोलीत लख्ख ऊन होतं.

आधी मागचं सांगतो, नाहीतर काही कळणार नाही.

मला मामा दोन. दोघंही एकाच छापखान्यात, कागद कापायच्या एकाच मशीनवर. सकाळी धाकटा, दुपारी थोरला.

त्या मशीनला दोन बटणं असतात, दोन हातांना दोन. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण लोक हुशार. पुठ्ठ्याची घडी करून एका बटणाच्या फटीत खोचायची, म्हणजे ते दाबलेलंच राहतं आणि काम झटपट उरकतं. धाकटा मामा यात पटाईत. थोरला त्याला यावरून रोज झापायचा.

एकदा धाकट्याला सिनेमाची घाई झाली.

पुठ्ठा काढायचा राहून गेला.

थोरला कामावर आला. सवयीप्रमाणे डावा तळहात बटणावर टेकवला, आणि उजव्या हाताने गठ्ठा सारखा करायला गेला...

चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

चौकशी झाली. थोरला म्हणाला, "चूक माझीच. मीच बटण अडकवून ठेवलं होतं." तो पुठ्ठा मात्र कुणाला सापडला नाही. धाकटा तिथंच उभा होता. त्याने तोंडातून ब्र काढला नाही.

थोरल्याची नोकरी गेली. धाकट्याची राहिली.

आता गिटारचं. थोरल्याला ब्लूजचा भारी नाद. ब्लूज म्हणजे तसं रडगाणंच, पण ठेक्यात म्हटलेलं. त्यात अंगठा जाड तारांवर न चुकता ठेका धरतो आणि त्याच वेळी बोटं बारीक तारांवर गाणं वाजवतात. एकाच हातात दोन माणसं बसल्यासारखी. थोरला वाजवायला लागला की खालून जाणारे लोक थांबायचे.

अपघातानंतर त्याचा डावा हात ठीक होता. अंगठाही चालत होता. नुसता ठेका धरून बसायचा. गाणं नाहीच.

मग एक दिवस तो धाकट्याला म्हणाला, "छोट्या, अंगठा माझा, बोटं तुझी. रविवारी चारला ये. शेजारी बस, मी शिकवतो."

"येतो की दादा."

गेला नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. कधी पाहुणे, कधी पाठदुखी. खरं कारण एकच, तो हात त्याला बघवायचा नाही. अशी दोन वर्षं काढली पठ्ठ्याने. मला मामाची दया येते, आणि खरं सांगू, रागही येतो.

तिसऱ्या वर्षी थोरला मामा झोपेतच गेला.

पंधरा दिवसांनी थोरली मामी स्वतः गिटार घेऊन धाकट्याकडे आली. दाराशी टेकवून ठेवली. "त्यांनी तुमच्यासाठी ठेवली होती, भाऊजी." बस. आतही आली नाही.

मग कुठे मामाला जाग आली. तो शिकायला लागला. आमच्या गल्लीत एक लाँड्रीवाले होते. खाली इस्त्री, वर गिटारचा क्लास. त्यांनी गिटार हातात घेतली आणि जराशी हलवली.

आतून आवाज आला. खुळ्... खुळ्...

"आतली एखादी पट्टी सुटली असेल," ते म्हणाले. "वाजतेय ना, मग राहू दे."

सहा महिने झाले. मामाचा अंगठा काही बसेना. बोटं हलली की अंगठा थांबायचा, अंगठा चालला की बोटं आखडायची.

"अहो, सगळ्यांचं हेच होतं," लाँड्रीवाले म्हणायचे. "बोटांना जरा सुट्टी द्या. महिनाभर नुसता अंगठा चालवा."

महिनाभर नुसता अंगठा चालवला. काही उपयोग नाही.

मग तो रविवार आला.

घरात मामा एकटाच होता. खिडकीशी खुर्ची घेऊन बसला. बारीक तारांवर बोटं टाकली. समोरच्या घड्याळात चार वाजले होते.

आणि ठेका लागला.

धप्... धप्... धप्... धप्...

अगदी संथ. अगदी सरळ. वर बोटं गाणं वाजवतायत आणि खाली ठेका एकदाही अडखळत नाहीये. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं एकदाचं, म्हणाला.

त्याने खाली बघितलं...

त्याचा अंगठा गिटारच्या कडेवर टेकलेला होता. हलत नव्हता.

त्याने बोटं उचलली. सगळा हातच बाजूला घेतला.

धप्... धप्... धप्...

उन्हात जाड तारा थरथरताना त्याला स्पष्ट दिसत होत्या.

थोड्या वेळाने ठेका एका जागी थांबला. आता तू, असं म्हणून कुणी वाट बघावी ना, तसा. मामा काही करेना. मग ठेका पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

मामाने गिटार पलंगावर फेकली. ती उलटी पडली, आणि तारांमधून काहीतरी बाहेर आलं.

पुठ्ठा होता. चार घड्या घातलेला.

कडेला निळ्या पेन्सिलीने कामाचा नंबर लिहिलेला. अक्षर मामाचंच. एका कोपऱ्यावर तपकिरी डाग.

हा तोच, त्या दिवशी बटणात राहिलेला पुठ्ठा. आपली बोटं खाली पडलेली असताना माणसाने दुसऱ्या हाताने आधी पुठ्ठा काढून खिशात घातला. धाकट्या भावावर ठपका येऊ नये म्हणून.

मामा तसाच तो पुठ्ठा घेऊन थोरल्या मामीकडे गेला. ती भाजी निवडत होती.

"वहिनी, दादाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग कधी बोलला का नाही?"

"रविवारी बोलणार होते. दर रविवारी चारच्या आधी दोन खुर्च्या मांडून बसायचे. मला विचारायचे, आला का गं?"

मामाला रडू फुटलं. "माफ केलं होतं का त्याने मला?"

मामीने मान वर केली नाही. "ते तुम्ही आला असतात तर कळलं असतं, भाऊजी."

त्यानंतर मामाने एकही रविवार चुकवलेला नाही. दोन खुर्च्या मांडतो. चार वाजले की बोटं टाकतो, आणि ठेका लागतो. सुरुवातीला मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. म्हणून एकदा मुद्दाम गेलो.

मामाचा अंगठा हलत नव्हता. ठेका मी ऐकला. गाणंही ऐकलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इतकं सुरेख, की भीती वाटायचीही राहून गेली.

मामा म्हणाला, "मोबाइलवर घे ना रे. वहिनीला पाठव. म्हणावं, आता मी येतो."

मी रेकॉर्डिंग केलं. घरी जाऊन लावलं.

धप्... धप्... धप्... धप्...

नुसता ठेका.

मामाच्या बोटांचा एकही आवाज नाही. दर वेळी ठेका त्याच जागी थांबतो... वाट बघतो... आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पुढच्या रविवारी मी बायकोचा मोबाइल नेला. त्यातही तेच. पण त्यात एकदा, ठेका थांबला असताना, मागून थोरल्या मामाचा आवाज आलाय. हळू, पण त्याचाच.

"आला का गं?"

मी ते कुणालाही पाठवलेलं नाही.

परवा मामाने विचारलं, "वहिनीला पाठवलंस?"

"पाठवलं," म्हटलं.

"काय म्हणाली?"

"छान वाजवता, म्हणाली."

मामा कितीतरी वेळ हसत बसला होता. म्हणाला, "दादालाही पोचत असेल ना रे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?