चौथ्या लेव्हलचं परीक्षण

इंदापूरच्या तहसील कचेरीत त्या गुरुवारी माझं काम झालं नाही. दाखल्यावर सही करणारे साहेब जागेवर नव्हते. बाहेर पडले तर परतीच्या पावसानं असं झोडपलं, की स्टँड गाठायच्या आत ओढणी पिळायची वेळ आली. स्टँडसमोर एका गाळ्याला पत्र्याची पडवी होती, तिच्याखाली जाऊन उभी राहिले. आणि पाठीमागून, अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

“सायेब जेवायला गेल्यात. उद्या या.”

मी गर्रकन वळले. मला वाटलं, माझीच चेष्टा चाललीय.

गाळ्यात चार कॉम्प्युटर होते. कॉलेजची पाच-सहा पोरं एका पडद्यापुढं वाकली होती आणि त्यांच्यामागं एक उंच, सावळा मुलगा हाताची घडी घालून उभा होता. तेच शब्द पुन्हा त्याच्याच तोंडून आले.

“ते तुम्ही मला म्हणालात?” मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या भिजक्या फायलीकडं. त्याला सगळं उमगलं असावं. हसू दाबायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते डोळ्यांतून निसटलंच.

“न्हाय ओ. ह्यो मेलेला कारकून म्हणतोय. पोरांना इंग्रजी कळत न्हाय, म्हणून मी आपलं मराठीत सांगतो.”

मी पुढं होऊन पाहिलं. पडद्यावर एक कचेरी होती. कारकुनाचं मुंडकं टेबलावर पडलं होतं, धड मात्र खुर्चीत बसून शिक्के मारत होतं. सुट्टीवर निघालेला एक कसाई एका गावात येतो, त्या गावातली मेलेली माणसं उठून बसलेली असतात, पण आपापली नोकरी काही सोडत नाहीत – असा तो खेळ. नाव ‘बुचर्स पिकनिक’. कसाई सुरा फिरवायचा, रक्ताच्या चिळकांड्या भिंतीवर उडायच्या, आणि तुटलेली मुंडकी पेन्शनच्या, बढतीच्या, साहेबांच्या तक्रारी करत राहायची. मला किळस आली. आणि मी मोठ्यानं हसले.

मी म्हटलं, मला खेळायचंय.

“मुली येत न्हाईत हितं,” तो म्हणाला.

“तशी पाटी लावलीय का?”

“...न्हाय.”

“मग एक खुर्ची द्या.”

त्यानं स्वतःची दिली. माझ्या दोन गाड्या हुकल्या त्या दिवशी.

ही १९९८ सालची गोष्ट. मी बारामतीच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. रोज कळसहून एसटीनं यायचे आणि दुपारी ‘नीराकाठ’ साप्ताहिकात मजकूर टाइप करायचे. तिथं कॉम्प्युटर चालवता येणारी मी एकटीच. दुसऱ्या दिवशी संपादक बापूसाहेबांना मी त्या खेळाबद्दल सांगितलं. त्यांना आधी ते सगळं फार ओंगळ वाटलं, मग मुंडक्याच्या पेन्शनवर तेही हसले. म्हणाले, सिनेमाचं परीक्षण छापतो, तर याचं का नाही, लिहा. सदराला नाव दिलं ‘खेळून पाहिलं’.

पहिल्या परीक्षणात मी लिहिलं, की या खेळात रक्त इतकं आहे, की दहा मिनिटांनी ते रंगपंचमीच्या रंगासारखं वाटू लागतं, आणि नेमकं तिथंच खेळणाऱ्यानं सावध व्हायला हवं. शेवटी लिहिलं – “खेळातला सगळ्यात चांगला विनोद मात्र सीडीवर नाही. तो इंदापूरला स्टँडसमोर उभा असतो.”

पुढच्या गुरुवारी दाखल्यासाठी गेले, तेव्हा ते कात्रण गाळ्याच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. शेवटच्या ओळीखाली लाल शाईची रेघ.

“ह्यो कोण उभा असतो म्हणं?” त्यानं विचारलं.

“असतो एकजण.”

“बरा हाय का दिसायला?”

“परीक्षण खेळाचं होतं,” मी म्हटलं आणि पडद्याकडं तोंड फिरवलं. काळ्या काचेत तो मला दिसत होता. मी त्याच्याकडं बघतेय हे त्यालाही दिसत होतं.

त्याचं नाव इंद्रजित. बावड्याचा. घरचा ऊस होता, थोरले भाऊ शेती बघत. यानं पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि परत येऊन हा गाळा भाड्यानं घेतला. वडील दत्तोबा दुकानात कधी फिरकले नव्हते. त्यांचा पोरगा भुतं मारायचं दुकान चालवतो असं लोक पारावर म्हणायचे, ते त्यांना लागायचं. आई जयवंता मात्र दर आठवड्याला गाडीवाल्याबरोबर दशम्या पाठवायची. त्यातली एक कागदात गुंडाळून माझ्यासाठी बाजूला ठेवलेली असायची. कोण ठेवतं, हे मी विचारलं नाही.

दाखला तिसऱ्या आठवड्यात मिळाला. तरी मी दर गुरुवारी जात राहिले. त्याच्याकडं असले अजून दोन-तीन खेळ होते, सगळे मारधाडीचे, सगळे वात्रट. मी खेळायचे, चिडायचे, हसायचे, वहीत टिपायचे. वीज गेली की पडदे काळे व्हायचे, पोरं चहाला पांगायची, आणि आम्ही दोघं उघड्या शटरशी उभे राहून ट्रकांकडं बघत बोलायचो. माझ्या कॉम्प्युटरचं स्पेसचं बटण अडकायचं. ते सोडवायला एकदा आमची दोघांची बोटं एकदमच गेली... दोघांनीही काढली नाहीत. वीज आली, पोरं आली, तेव्हा कुठं भानावर आलो.

माझे वडील, भानुदास गुरुजी, कळसच्या शाळेत शिक्षक. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात एक नेम होता – जे पाहिलं ते बोलायचं, न पाहिलेलं बोलायचं नाही. बाबा माझी परीक्षणं वाचायचे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचे, आणि मी कुठं घाबरून लिहिलंय ते बरोबर ओळखायचे.

डिसेंबरात मी ‘बुचर्स पिकनिक’च्या चौथ्या लेव्हलला पोचले. तो एक दवाखाना होता. मेलेले तिथं संपले होते. खाटांवर जिवंत माणसं होती, हाताला सलाईन लावलेली. त्यांना मारलं की दुप्पट गुण. ती काही विनोदी बोलत नव्हती. नुसते हात जोडत होती.

“ही काय म्हणतात?” मी विचारलं.

इंद्रजित मागं उभा होता. तो म्हणाला, “काय न्हाय म्हणत.”

मी माऊसवरचा हात काढला. हे पोरांना रोज दाखवता का, असं विचारलं, तर तो म्हणाला, इथवर लई कमी जण पोचतात. मी म्हटलं, पण पोचतात.

मी जसं पाहिलं तसं लिहिलं. पहिल्या तीन लेव्हल मी हसत खेळले, आणि पुन्हा खेळेन. तिथं मार खातो तो मेलेला मुजोरपणा. चौथीत मार खाणारं माणूस आजारी आहे आणि निःशस्त्र आहे. तो विनोद नाही, आणि शाळकरी मुलांपुढं ती लेव्हल ठेवू नये. बापूसाहेबांनी ते दोनदा वाचलं. गाळेवाला तुमच्या ओळखीचा ना, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग छापू का, म्हणाले. मी म्हटलं, छापा.

सोमवारी इंद्रजित ‘नीराकाठ’च्या दारात उभा होता. पहिल्यांदाच बारामतीला माझ्याकडं आलेला, आणि चेहरा उतरलेला. गाळ्याचे मालक बिरदेव तात्या कात्रण घेऊन आले होते. त्यांचा नातू शाळा बुडवून तिथं बसायचा. पेपरातच छापून आलंय म्हटल्यावर तात्यांनी महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगितलं होतं.

“दोन वळी लिवा,” तो म्हणाला. “गैरसमज झाला म्हणून. तेवढ्यानं भागंल.”

“गैरसमज झालेला नाही.”

“मग माझं दुकान गेलं.”

“ती माणसं हात जोडत होती. तुम्हीही पाहिलंय.”

“मला वाटलं हुतं... तुमी माझ्या बाजूच्या हाय.”

मला बोलायचं होतं, की त्याच्याच बाजूची आहे म्हणून तर... पण वाक्य अर्धंच राहिलं. तो निघून गेला. खुर्चीत बसून मी दीड पान टाइप केलं. त्यात एक शब्द धड नव्हता.

तीन दिवस मी विचार केला. लिहिलेलं मागं घ्यायचं नाही, हे पक्कं होतं. दुकान जाऊ द्यायचं नाही, हेही पक्कं होतं. गुरुवारी इंदापूरला उतरले ती गाळ्याकडं न जाता थेट बिरदेव तात्यांच्या पिठाच्या गिरणीत गेले. त्यांना म्हटलं, परीक्षण लिहिणारी मी. तात्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून बघत राहिले. त्यांना पुरुष अपेक्षित होता.

“तात्या, तुम्ही खेळ पाहिलाय का?”

“आमी कशाला बगू?”

“मग आधी बघा. नंतर गाळा काढून घ्या, मी मधे येणार नाही.”

ते आले. इंद्रजित आम्हाला बघून उठून उभा राहिला. तात्यांना खुर्चीत बसवून मी खेळ सुरू केला. कचेरी आली, सुरा फिरला, कारकुनाचं मुंडकं टेबलावर पडून इंग्रजीत बोललं.

“काय म्हणतोय त्यो?” तात्यांनी विचारलं.

मी इंद्रजितकडं पाहिलं. आमची नजर सोमवारनंतर पहिल्यांदा भेटत होती. तो घुटमळला... मग हळूच म्हणाला, “सायेब जेवायला गेल्यात. उद्या या.”

सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी तात्या दोन वर्षं कचेरीला हेलपाटे घालत होते, ते आम्हाला मागाहून कळलं. त्यांच्या मिशा हलल्या. ते पुढं वाकले.

“हाण त्याला,” ते म्हणाले.

तीन लेव्हल त्यांनी डोळ्यांची पापणी न लववता पाहिल्या. मग मी चौथी लावली. लपवायचं नव्हतंच. पहिल्या खाटेवरच्या माणसानं हात जोडले आणि तात्या उठून उभे राहिले. “ह्ये न्हाय,” एवढंच म्हणाले.

“बाकीच्या तीन मशिनींवरनं काढलीय मी,” इंद्रजित म्हणाला. “सोमवारी बारामतीवरनं आलो तवाच. शाळंच्या वेळंत पोरंबी घेत न्हाय आता. ही एक ठिवली हुती...” तो माझ्याकडं न बघता बोलत होता. “ह्यांच्या समोर काढायची म्हणून.”

त्यानं ती लेव्हल आमच्यासमोर पुसली. तात्यांनी भुवयांवरचं पीठ झटकलं आणि गाळा राहू दे म्हणाले. जाताना मला विचारलं, कुणाची पोर. मी बाबांचं नाव सांगितलं. ते गुरुजींना ओळखत होते.

इंद्रजित मला स्टँडवर सोडायला आला. कळसवरून जाणारी बारामतीची गाडी लागायची होती. तो म्हणाला, त्याला काही बोलायचंय, पण बोलून उपयोग नाही. त्याचं घर बावड्याचं, भावकी मोठी, वडील कसले आहेत ते मला ठाऊक आहे. मी कोण हे कळल्यावर घरी काय होईल...

“घरचे काय म्हणतील ते नंतर बघू,” मी म्हटलं. “तुम्ही काय म्हणता?”

त्यानं खाली पाहिलं, मग वर.

“मला तू पायजेस.”

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. गाडी लागली, कंडक्टरनं घंटी मारली. मी पायरीवर चढले आणि वळून म्हटलं, “मग रविवारी कळसला ये. बाबांना सांग. उजेडी ये, सगळ्यांना दिसेल असा.”

तो आला. बाबांनी त्याला एकच गोष्ट विचारली – हे दत्तोबांपुढं सांगाल का. तो हो म्हणाला, आणि तिथून उठून बावड्याला गेला. त्या दिवसापासून दत्तोबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो इंदापुरात खोली घेऊन राहू लागला. मी परीक्षा दिली, पहिल्या वर्गात पास झाले, आणि त्यानंतर आम्ही पुण्याला जाऊन विवाह नोंदणीची नोटीस दिली. महिनाभर ती फलकावर लागली. तारीख त्यानं घरी स्वतः जाऊन सांगितली होती. दत्तोबा म्हणाले होते, तिकडं जाईल त्यानं परत या उंबऱ्यात येऊ नये.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी आमच्याकडून दोन साक्षीदार होते, बाबा आणि बापूसाहेब. तिसरा इंद्रजितचा बावड्याचा मित्र येणार होता. साडेअकरा झाले, बारा झाले. तो आला नाही. कार्यालयातल्या बाई नीट बोलत होत्या, पण तीन सह्यांशिवाय त्यांचा इलाज नव्हता. इंद्रजित रस्त्यावर कुणी ओळखीचं भेटतंय का बघायला निघाला. मी त्याला म्हटलं, आज नाही झालं तर उद्या येऊ, परवा येऊ. मी कुठं जात नाही.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी. पहाटेच्या गाडीनं एकटीच आलेली.

“इंद्रजितचं लगीन हितंच हाय न्हवं?” तिनं विचारलं.

इंद्रजित जागीच थांबला. त्याच्या तोंडून नुसतं ‘आई’ आलं.

जयवंताबाईंनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि टेबलापाशी आल्या. सही कुठं करायची ते विचारलं. पेन मुठीत धरलं, आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं – ज, य, वं, ता. सगळी खोली थांबून बघत होती. लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

मी खुर्ची पुढं केली. “बाई, बसा,” म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बाई काय म्हणतीस? आत्या म्हण.”

“आत्या,” मी म्हटलं, “बसा.”

आणि त्या बसल्या.